ताकाला जाऊन भांडे लपवायचे कशाला?



आपल्या मराठीत ताकावर जितक्या म्हणी आहेत, तितक्या दुधावरही नसतील. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. काम होईपर्यंत गोड बोलणाऱ्याला आपण 'ताकापुरती आजी' म्हणतो. मनातले कळू न देणारा ताकास तूर लागू देत नाही. आणि सगळ्यांच्या तोंडी असलेली म्हण म्हणजे 'ताकाला जाऊन भांडे लपवणे'. या शेवटच्या म्हणीशी आमचे जरा भांडण आहे. पण ते शेवटी. आधी ताक घुसळू, मग भांडू.

निमित्त असे झाले. कामशेतच्या एका भगिनीने आम्हाला गाठून विचारले, "माझा मुलगा पुण्यात कॉलेजला होता तेव्हा त्याच्याबरोबर अफगाणिस्तानची मुलं शिकायला होती. त्यांच्या खोलीवर त्यानं एक खारट, थंड पेय प्यायलं. आता ऊन वाढलं की म्हणतो, आई, ते कर. ताकच होतं, पण आपल्यासारखं नव्हतं. त्यात वाळलेला पुदिना होता, काकडी होती. आता ते कसं करायचं, सांगा."

प्रश्न आम्हाला आवडला. लोणावळ्याच्या चिक्कीच्या भट्टीवर उभे राहणारे आपले लोक आहेत, रेल्वेच्या रुळावर काम करणारे आहेत, तळेगावच्या कारखान्यांत आणि देहूरोडच्या डेपोत राबलेल्यांची घरे आहेत. चैत्र-वैशाखात अंगातून घामाच्या धारा लागतात. त्यावर घरच्या घरी, थोड्या पैशांत, सगळ्या कुटुंबाला पुरेल असे काही करता येत असेल तर ते शिकायलाच हवे, मग ते काबूलचे असो की कामशेतचे.

हे 'दोग' म्हणजे काय?

अफगाणिस्तानात या पेयाला 'दोग' म्हणतात. आपल्या 'दोघा'शी याचा काही संबंध नाही. पण आपल्या 'दुधा'शी मात्र आहे! फारसी भाषेतला हा शब्द दूध काढण्याच्या क्रियेवरून आला. आपल्याकडचे 'दोहणे' आणि 'दूध' हे शब्द त्याच मुळाचे. म्हणजे शब्दांच्या घराण्यात दूध आणि दोग ही चुलत भावंडे. पश्तो बोलणारे लोक याच पेयाला 'शलोंबे' म्हणतात. तुर्कस्तानात असेच खारट पेय 'आयरान' नावाने पितात. इराणात तर सोड्यासारखे बुडबुडे येणारे दोग बाटलीतून विकले जाते.

तिकडच्या धनगरी कुटुंबांत मेंढ्या-शेळ्यांचे दही चामड्याच्या पिशवीत भरून, पिशवी टांगून बायका मागेपुढे हलवत राहतात. लोणी वर आले की काढून घेतात. खाली राहते ते दोग. त्यातले काही आटवून, गाळून, मीठ घालून त्याचे गोळे उन्हात वाळवतात. त्याला 'कुरूत' म्हणतात. हिवाळ्यात हेच गोळे पाण्यात विरघळवून जेवणात वापरतात. आपण पावसाळ्यासाठी सांडगे-कुरडया घालून ठेवतो, तसाच हा प्रकार. गरिबाच्या घरची बाई जगात कुठेही गेली तरी उद्याचा विचार आज करतेच.

आता कुणी म्हणेल, अफगाणिस्तानचा आणि आपला काय संबंध? बंधूंनो, आपल्या कुठल्याही वस्तीत उभे राहून 'मिलिंद' अशी हाक मारा, चार घरांतून चार मिलिंद ओ देतील! बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेले महाविद्यालयही मिलिंदाच्याच नावाने ओळखले जाते. तो मिलिंद मूळचा ग्रीक राजा, मिनँडर. त्याची सत्ता पंजाबापासून आजच्या अफगाणिस्तानच्या काही भागापर्यंत होती. भदन्त नागसेनांना त्याने विचारलेले प्रश्न 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. आणि गंमत अशी की त्या ग्रंथात दुधा-दह्याचीच एक गोष्ट येते.

एक माणूस गवळ्याकडून घागरभर दूध विकत घेतो आणि 'उद्या नेतो' म्हणून त्याच्याकडेच ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुधाचे दही झालेले असते. गिऱ्हाईक म्हणते, "मी दूध घेतलं होतं, दही नाही. माझं दूध दे." गवळी म्हणतो, "बाबा, तुझ्याच दुधाचं हे दही झालं." नागसेन राजाला विचारतात, महाराज, तुम्ही निवाडा कुणाच्या बाजूने द्याल? राजा म्हणतो, गवळ्याच्या. कारण ते दही त्याच दुधातून आले आहे. आज केलेल्या गोष्टीचे उद्या काय होते आणि त्याची जबाबदारी कुणाची, हे समजवायला नागसेनांना दह्याचे मडके पुरले. घरात मुलांना ही गोष्ट सांगा. सांगता सांगता विरजण लावा. गोष्टही लक्षात राहील आणि दहीही लागेल.

आधी दही नीट लागू द्या

दोग बिघडते ते बहुधा दह्यामुळे. दही फार आंबट असेल तर मीठ, पुदिना, काकडी काही काही वाचवू शकत नाही. आणि आपल्या भागाची अडचण अशी की इथली हवा दह्याला दोन टोकांना नेते. उन्हाळ्यात तळेगाव-वडगावला सकाळी विरजलेले दही दुपारी लागते आणि संध्याकाळी आंबते. पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याला दोन-दोन दिवस ढग घरात शिरतात, तेव्हा रात्री विरजलेले दूध सकाळी तसेच पातळ सापडते.

दह्यात एक प्रकारचे उपयोगी जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. त्या आम्लाने दूध साकळते, तेच दही. या जिवाणूंना ऊब लागते. साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसला त्यांचे काम छान चालते. थर्मामीटर कुणाकडे नसतो आणि लागतही नाही. दूध उकळून घ्या, निवू द्या. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आले, बोट पोळले नाही पण ऊब जाणवली, की वेळ झाली.

उन्हाळ्यात अर्धा लिटर दुधाला एक लहान चमचा दही पुरे. विरजण दुधात नीट मिसळा. नुसते वरून टाकून देऊ नका. मातीचे मडके असेल तर उत्तम. मडक्याच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, दही घट्ट होते आणि मडके गारही राहते. चार-पाच तासांनी बघा. दही लागले की लगेच थंड जागी हलवा. फ्रिज नसेल तर मडके पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून त्यावर ओले फडके टाका. फडक्याची टोके पाण्यात बुडू द्या. वाऱ्याने पाणी उडत राहते आणि दही गार राहते.

पावसाळ्यात विरजण दुप्पट करा. भांडे झाकून तांदळाच्या डब्यात रोवून ठेवा, नाहीतर जुन्या गोधडीत गुंडाळून चुलीच्या शेजारी ठेवा. मावळात इंद्रायणी तांदळाचा डबा घरोघर असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला हा तांदूळ भाताला चांगला आहेच, पण दही लावायलाही त्याची ऊब कामी येते! रात्रभर भांड्याला हात लावायचा नाही. दही लागत असताना हलवले तर पाणी सुटते.

आता दोग करू

पाच-सहा माणसांसाठी साहित्य असे घ्या:

ताजे गोडसर दही अर्धा किलो (अर्धा लिटर दुधाचे होते तेवढे)
उकळून गार केलेले पाणी पाऊण लिटर
मीठ एक सपाट लहान चमचा
वाळलेला पुदिना चुरून एक लहान चमचा
कोवळी काकडी एक
वाटल्यास चिमूटभर मिरपूड

पहिली गोष्ट, दही एकट्यानेच घुसळा. आधीच पाणी ओतले की दह्याच्या गुठळ्या पाण्यात पोहत राहतात आणि कितीही रवी फिरवली तरी हाती लागत नाहीत. दही गंजात घेऊन रवीने एकजीव, गुळगुळीत करा. मग मीठ घाला. मग पाणी थोडे थोडे घालत घुसळत जा. वर बारीक फेस आला की थांबा. मिक्सर असेल तर दोन-तीन झटकेच द्या. जास्त फिरवले तर लोणी सुटून वर तरंगते आणि पेय खाली पाणचट होते.

रवी नसेल, मिक्सर नसेल, तरी अडत नाही. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बरणी घ्या, अर्ध्याहून थोडी जास्त भरा आणि मुलांच्या हातात द्या. शंभर वेळा हलवायला सांगा. तिकडच्या चामड्याच्या पिशवीचे हेच तर तत्त्व आहे. मुले आनंदाने करतात आणि आपण केलेले म्हणून दोन पेले जास्त पितात.

पुदिना तळहातावर चोळून, चुरून घाला. चोळला नाही तर वास सुटत नाही. काकडी आधी टोकाकडून चाखा. एक कडू काकडी सगळे भांडे कडू करते. चांगली निघाली तर सालासकट धुऊन अगदी बारीक चिरा किंवा किसा आणि वाढण्याच्या आधी मिसळा. काकडी आधीच घालून ठेवली तर तिला पाणी सुटते आणि चव उतरते. मग हे भांडे अर्धा तास गार ठेवा. तेवढ्या वेळात पुदिना भिजून फुलतो. पेल्यात ओतण्याआधी एकदा ढवळा, कारण दही खाली बसते.

झाले दोग! आता चाखून बघा. आपल्या मठ्ठ्यात आले, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरे, हिंग आणि चवीला साखर असते. लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर तो शोभतो. दोगात यातले काही नाही. मीठ, पुदिना, काकडी, बस्स. आल्या-मिरचीचा झटका नाही, साखर नाही. पहिल्या घोटाला कुणी म्हणेल, 'हे तर अळणी मठ्ठ्यासारखं लागतंय.' तिसऱ्या घोटाला तोच माणूस पेला पुढे करतो.

पुदिन्याची एक गोष्ट लक्षात ठेवा. तो एप्रिल-मेमध्येच वाळवून ठेवा. जुडी धुऊन, पाणी निथळून, पाने खुडून सुती कापडावर सावलीत पसरा. उन्हात वाळवला तर काळा पडतो आणि वास उडतो. तीन-चार दिवसांत पाने कुरकुरीत झाली की कोरड्या बरणीत भरा. जूनच्या मध्यावर घाटात पाऊस कोसळू लागला की मग पुदिना वाळायचा नाही, बुरसेल. वेळेला वाळलेला नसेल तर ताजी पाने बारीक चिरून घाला. चव वेगळी येईल, पण वाईट येणार नाही.

जयंतीला किंवा बुद्धपौर्णिमेला पन्नास जणांना पेलाभर द्यायचे असेल तर हिशेब सोपा आहे. दही चार किलो, पाणी सहा लिटर, मीठ आठ सपाट लहान चमचे, पुदिना आठ लहान चमचे, काकड्या आठ. दहा लिटर होते, म्हणजे २०० मिलिलिटरचे पन्नास पेले. दही घुसळून आदल्या रात्री गार ठेवा. पाणी, काकडी आणि पुदिना सकाळी मिसळा.

थोडे प्रकृतीचे

घामातून नुसते पाणी जात नाही, मीठही जाते. म्हणून भर उन्हात राबणाऱ्याला नुसत्या पाण्याने हुशारी येत नाही. दोगात दोन्ही मिळते, वर दह्यातली प्रथिने आणि चुना म्हणजे कॅल्शियम मिळते. ज्यांना दूध प्यायले की पोट फुगते, त्यातल्या अनेकांना दही-ताक सोसते, कारण दुधातली बरीचशी साखर जिवाणूंनी आधीच संपवलेली असते.

उलट बाजूला ती रंगीत शीतपेयाची बाटली बघा. ३०० मिलिलिटर कोल्यात तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात लहान चमचे. चहात कुणी सहा चमचे साखर घातली तर आपण तो चहा ओतून देऊ. पण बाटलीतून तीच साखर पैसे देऊन पितो आणि पाहुण्याला देताना मोठेपणा वाटतो. एका बाटलीच्या पैशांचे दूध आणले तर घरातल्या चौघांना पेलाभर दोग मिळेल. हा हिशेब घरोघर एकदा मांडून बघावा.

पण आम्ही ताकाचे भाट नाही. काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मीठ अगदी नावाला घालावे आणि डॉक्टरांना विचारून प्यावे. दिवसभरात सगळ्या जेवणात मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपल्या लोणच्या-पापडातच ते संपते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ घातलेले काही देऊ नका.

जुलाब होत असतील तर खारट ताक चालते, पण जलसंजीवनीची जागा ते घेऊ शकत नाही. पाकीट मिळाले नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा आणि थोडे थोडे पाजत राहा. अंग तापून माणूस बडबडू लागला, झटके आले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असतो. त्याला सावलीत आणा, अंग ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला आणि १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात ताक, पाणी, कांद्याचा रस, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते.

पाणी उकळलेलेच घ्या. पावसाच्या सुरुवातीला विहिरीचे आणि टँकरचे पाणी गढूळ होते, तेव्हा तर नक्कीच. बाजारातली बर्फाची लादी दोगात फोडून टाकू नका. ती कुठल्या पाण्याची आहे आणि कुठल्या पोत्यातून आली, कुणाला ठाऊक? आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नका. आंबट पदार्थाने धातू उतरतो, ताक कळकते आणि पोटात मळमळते. स्टील, काच किंवा माती, हीच तीन भांडी योग्य. कामावर नेणार असाल तर थर्मासमध्ये काकडी न घालता न्या आणि दुपारच्या जेवणाला संपवून टाका.

लोणी कुणाचे, ताक कुणाचे?

आता त्या म्हणीकडे येऊ.

ताकाला जाऊन भांडे लपवायचे, म्हणजे मागायला तर आलो आहोत पण सांगायची लाज वाटते. म्हण हसण्यावारी वापरली जाते. पण ताक मागायला जायचे कुणाला? ज्याच्या गोठ्यात दुभते नाही, त्याला. आणि लाज कुणाला वाटायची? ज्याच्या पोरांना भाकरी कोरडी घशाखाली उतरत नाही, त्याला.

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या सांगत. मावळातल्या एका गावात, मोठ्या वाड्यावर ताक घुसळायचा दिवस असला की गावकुसाबाहेरच्या बाया गाडगे घेऊन वाड्याच्या मागच्या दारी उभ्या राहायच्या. लोणी आधीच काढून घेतलेले असायचे. मग आतून कुणी येऊन वरून धार धरायचे. गाडगे खाली, धार वरून, मध्ये हातभर अंतर, कारण भांड्याला भांडे लागता कामा नये. धार चुकली की ताक मातीत जायचे, आणि मातीत गेलेल्या ताकाबद्दल बोलणी गाडगे धरणारीलाच बसायची. "हात सरळ धरता येत नाही का गं?" म्हातारी हे सांगताना ओंजळ पुढे करून दाखवायची. ताकाची चव कशी होती, हे तिने कधी सांगितले नाही. अंतर मात्र ती दर वेळी हाताने मोजून दाखवायची.

लोणी त्यांचे, ताक आपले, आणि तेही उपकार म्हणून. ही नुसती एका गावची गोष्ट नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' लिहिले. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिगत दिली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातभाईंना जेवण घातले. पैसा त्याचा, घर त्याचे, पाहुणे त्याचे. पदार्थ तुपातले होते, एवढाच अपराध! पंगत बसली असताना शेकडो लोक लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारले. तूप परवडत असले तरी ते खायचा अधिकार नाही, असे ते म्हणणे होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर प्रश्न पाण्याचा होता. चकवाऱ्याला तो तुपाचा झाला. ताटात काय असावे आणि ते कुणी ठरवावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

आणि हे कुठल्या भूमीत? विनयपिटकाच्या महावग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना पाच गोरसांची अनुमती दिल्याचे वर्णन आहे. दूध, दही, ताक, लोणी, तूप. पालीत तिथे ताकाला शब्द आहे 'तक्क'. आपल्या तोंडातला 'ताक' त्याच घराण्यातला! भिक्खुसंघात सगळ्या जातींची माणसे होती. लोणी-तूप एका गटाला आणि ताक दुसऱ्याला, अशी वाटणी त्या अनुमतीत नाही. जी पाच भांडी तिथे एका ओळीत मांडलेली होती, ती पुढच्या समाजाने उतरंडीत एकावर एक रचली आणि आपल्याला तळाशी बसवले.

म्हणून आम्हाला हे दोग आवडले.  आपण सांगितलेल्या रीतीने केले तर पूर्ण दही, साय-लोण्यासकट, पेल्यात उतरते. आपल्या पैशाचे दूध, आपल्या हाताचे विरजण, आपल्या घरचा पेला. वरून धार धरणारा कुणी नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. ज्या बायकांच्या हातून हे पेय जगाला मिळाले, त्यांच्या देशात २०२१ साली तालिबानची सत्ता आली आणि मुलींना सहावीच्या पुढची शाळा बंद झाली. पुण्यात शिकणाऱ्या आणि शिकायला येऊ पाहणाऱ्या अनेक अफगाण मुलामुलींचे शिक्षण त्या वर्षी अडले. त्याच लोकांनी आधी, मार्च २००१ मध्ये, बामियानच्या डोंगरातल्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून पाडल्या होत्या. मूर्ती पाडणारे आणि मुलीच्या हातातले पुस्तक काढून घेणारे एकच निघाले, याचे आपल्याला नवल वाटायला नको. आपल्या लेकी कॉलेजला जातात. दोगाचा पेला त्यांच्या हातात देताना तिकडच्या लेकींचीही आठवण असू द्या.

आपल्या मावळात कार्ला, भाजे आणि बेडसे अशी तीन ठिकाणी लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात यवन म्हणजे परदेशी मूळ असलेले लोक आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, सुतारही आहे. कुणी खांब दिला, कुणी दार दिले. दोन हजार वर्षांपूर्वी या घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्याला इथे सावली मिळत होती, ती अशा कष्टकऱ्यांच्या आणि परक्यांच्या दानातून.

येत्या बुद्धपौर्णिमेला मळवली स्टेशनवर उतरून लेणी बघायला खूप मंडळी येतील. वैशाखाचे ऊन, चढण, लहान मुले, म्हाताऱ्या. आमचे म्हणणे एवढेच की प्रत्येक वस्तीच्या महिला मंडळाने पायथ्याशी एक माठ दोगाचा ठेवावा. येईल त्याला द्यावे. कुठून आला, कोण आहे, हे विचारू नये. आणि देताना एक नियम पाळावा: वरून धार धरायची नाही. पेला भरायचा आणि हातात द्यायचा. घेणाऱ्याचा हात आपल्या हाताला लागला पाहिजे.

कामशेतच्या भगिनीला आम्ही हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "आमच्या शेजारची म्हातारी रोज वाटी घेऊन ताकाला येते आणि वाटी पदराखाली धरते. आता तिला काय सांगू?"

आम्ही म्हटले, "काही सांगू नका. तुम्हीच तांब्या भरून तिच्या घरी नेऊन द्या."

जयभीम!